घरातील तिसरी तार

उत्तर कोलकात्यातील एखाद्या जुन्या वाड्यात किंवा मुंबईच्या गिरगावातील एखाद्या चाळीत आपण गेलो आणि मान वर करून पाहिले, तर भिंतीच्या कडेकडेने छताकडे गेलेली सागवानी पट्टी आजही कोठे कोठे दृष्टीस पडते. तिच्यावर रंगाचे इतके थर चढलेले असतात, की तिची नक्षी बुजून जाते. ह्या पट्टीच्या आत दोन खाचा असतात आणि दोन खाचांतून दोन तारा जातात. एकीतून प्रवाह यावयाचा आणि दुसरीतून परत जावयाचा. आपल्या देशातील घरगुती विजेचा पहिल्या अर्धशतकाचा इतिहास बव्हंशी ह्या दोन तारांचा आहे. त्यानंतर घरोघर जे अपघात होत आले, त्यांच्या मुळाशी मात्र तेथे नसलेली तिसरी तार आहे. ह्या तिसऱ्या तारेची हकीकत आज मी सांगणार आहे.

कलकत्ता शहरात विजेच्या दिव्याचे पहिले प्रात्यक्षिक २४ जुलै १८७९ रोजी झाले. मुंबईत १८८२ मध्ये क्रॉफर्ड मार्केटमध्ये विजेचे दिवे लागले. पण हे सारे शोभेचे आणि नवलाईचे प्रकार होते. १८९५ मध्ये कलकत्त्यासाठी विजेच्या दिव्यांचा स्वतंत्र कायदा झाला, १८९७ मध्ये हिमालयाच्या कुशीत दार्जिलिंगजवळ सिद्रापोंग येथे १३० किलोवॅटचे छोटेसे जलविद्युत्केंद्र सुरू झाले आणि १७ एप्रिल १८९९ रोजी कलकत्त्याच्या इमामबाग गल्लीतील वाफेच्या वीजगृहातून शहराला वीज मिळू लागली. मुंबईकरांसाठी १९०५ मध्ये वाडीबंदरला वीजगृह उभे राहिले. पुढे १९१५ मध्ये खोपोलीहून टाटांची जलविद्युत् शहरात आली. म्हणजे ज्या घरांना आपण आज जुनी म्हणतो, त्यांतील पुष्कळशी घरे बांधली गेली तेव्हा वीज नव्हतीच. ती नंतर पाहुण्यासारखी आली, आणि भिंतीला धक्का न लावता भिंतीच्या अंगावर तिची सोय करावी लागली.

ह्या पाहुणीकडून लोकांना हवे होते तरी काय? रात्री दिवा आणि उन्हाळ्यात पंखा. दोऱ्या ओढून हलवावयाचा झालरीचा पंखा आणि तो ओढणारा माणूस ह्या दोहोंची जागा विजेच्या पंख्याने घेतली. दिवा छताला, पंखाही छताला, आणि भिंतीवर हाताने खालीवर करावयाची चिनी मातीची वा पितळी टोपणाची बटणे. विजेवर चालणारी अशी एकही वस्तू माणसाच्या हातात येत नसे. म्हणून दोन तारांनी काम भागत होते. त्या काळाच्या कारागिरांनी धोक्याकडे दुर्लक्ष केले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तांब्याच्या तारेवर कथिलाचा मुलामा, त्यावर गंधक घालून घट्ट केलेल्या रबराचे वेष्टन, त्यावर सुती वेणी, आणि हे सारे लाकडाच्या वेगवेगळ्या खाचांत, दोन तारांची कधी गाठ पडू नये अशा बेताने बसविलेले. पट्टीला आतून लाखेचे रोगण दिले जाई आणि चांगला मिस्त्री पट्टी व भिंत यांच्यामध्ये चिनी मातीच्या चकत्या ठेवून वारा खेळावयास जागा सोडत असे.

पण ही पद्धत विलायतेहून आली होती आणि विलायतेतही तिला एक अट होती. लाकडी पट्टी ओलसर जागी वापरू नये, ही ती अट. आता बंगालमध्ये किंवा कोकणपट्टीत जुलै महिन्यात ओलसर नसलेली जागा कोणती, हे कोणी सांगावे? मुंबईत वर्षाकाठी २,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत कोसळतो. चुन्याची भिंत पाणी पिते, लाकूड ते भिंतीकडून घेते आणि ओले लाकूड विजेला थोडीथोडी वाट देऊ लागते. समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यातील मीठ पितळी स्क्रूंवर हिरवी पूड चढविते. बंगालच्या घरांत लोखंडी किंवा लाकडी तुळयांवर बरगे टाकून वर चुना-विटेची गच्ची घालण्याची चाल होती. तिच्या भेगांतून झिरपणारे पाणी तुळईच्या कडेने उतरत नेमके पंख्याच्या आकड्यापाशी येई. रबराला तर काळच पुरत नाही. पंचवीस-तीस वर्षांत ते कोरडे पडते, मग बोट लावताच भुगा होऊन गळते. बाहेरून रंगविलेली पट्टी तशीच सुबक दिसत राहते आणि आत नागडे तांबे ओल्या लाकडाला टेकलेले असते.

येथे विजेचा धक्का बसतो म्हणजे काय होते, हे थोडे पाहावयास हवे. वीजगृहाकडून घरात येणाऱ्या दोन तारांपैकी एक तार पुरवठा करणारी मंडळी आपल्याकडेच जमिनीशी जोडून ठेवतात. दुसरी तार, जिला आपण फेज म्हणतो, तिच्यात आणि जमिनीत २३० व्होल्टचा दाब असतो. म्हणून फेजला हात लावणारा माणूस जमिनीवर उभा असला, की त्याचे शरीरच दोहोंमधला पूल बनते. दोन्ही तारांना एकदम स्पर्श होण्याची गरज नसते. कोरड्या कातडीचा अडथळा मोठा असतो. पण ओले हात आणि ओली फरशी असली, म्हणजे तो सुमारे हजार ओहमांवर येऊ शकतो. मग शरीरातून दोनशेहून अधिक मिलिअँपिअरचा प्रवाह जातो. अमेरिकेतील चार्ल्स डॅलझील ह्या प्राध्यापकांनी विसाव्या शतकाच्या मध्यास स्वेच्छेने पुढे आलेल्या माणसांवर जपून प्रयोग केले. त्यांना असे आढळले, की हातात धरलेली वस्तू आपल्या इच्छेने सोडता येण्याची मर्यादा पुरुषांत सरासरीने १६ मिलिअँपिअरच्या आणि स्त्रियांत साडेदहाच्या आसपास असते. त्यापुढे स्नायू आखडतात आणि पकड सुटत नाही. तिसाच्या वरचा प्रवाह टिकून राहिला, तर हृदयाचा ताल बिघडण्याचा संभव सुरू होतो.

आता आपल्या घरातील फ्यूजकडे वळू. फ्यूज आहे म्हणजे आपण सुरक्षित आहोत, ही समजूत आपल्याकडे फार खोल गेलेली आहे. पण सर्वांत लहान घरगुती फ्यूज पाच अँपिअरचा, म्हणजे पाच हजार मिलिअँपिअरचा असतो. माणूस दोनशे मिलिअँपिअरवर प्राण सोडतो, तेव्हा ह्या फ्यूजला त्याची वार्ताही नसते. फ्यूज तारेच्या रक्षणासाठी असतो. तार तापून घराला आग लागू नये, एवढेच त्याचे काम. चिनी मातीच्या किटकॅटमधील बारीक तार वितळावयास तिच्यावर लिहिलेल्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट प्रवाह लागतो. त्यातच ती वरचेवर उडू लागली, की घरातील एखादा हुशार माणूस तेथे जाड तार पिळून बसवितो. दिवा पुन्हा लागतो, सर्वांना बरे वाटते, आणि तारेचे जे थोडेबहुत रक्षण होत होते तेही संपते.

माणसाच्या रक्षणासाठी योजिली गेली ती तिसरी तार, आपल्या वायरमनांच्या बोलीत अर्थिंगची तार. तिची कल्पना अगदी साधी आहे. यंत्राचे धातूचे अंग एका हिरव्या तारेने जमिनीत पुरलेल्या नळीशी वा पत्र्याशी जोडावयाचे. आत कोठे फेजची तार सुटून त्या अंगाला टेकली, तर प्रवाहाला माणसापेक्षा सोपी वाट मिळते, तो जोराने धावतो आणि फ्यूज उडतो. आपल्या देशात १९१० चा विद्युत् अधिनियम आणि त्याखालील १९५६ चे नियम यांनी ह्या गोष्टीला कायद्याचे रूप दिले. वीज पुरविणाऱ्याने ग्राहकाच्या जागेत, पुरवठा जेथे सुरू होतो तेथे, जमिनीशी जोडलेले टोक उपलब्ध करून द्यावे. घराची तारजोडणी परवानाधारकाकडूनच करवावी. जमिनीशी जोडलेल्या परतीच्या तारेत एकटे बटण किंवा फ्यूज बसवू नये. आणि जोडण्यांची तपासणी जास्तीत जास्त पाच वर्षांनी व्हावी, असे ते नियम होते. परतीच्या तारेविषयीचा नियम विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. जुन्या घरांत दोन्ही तारांवर फ्यूज बसविण्याची रीत होती. परतीचा फ्यूज उडाला, तर दिवा विझतो, गृहस्थ वीज गेली असे समजून हात घालतो, आणि फेज तर तेथे तशीच जागी असते.

नियम झाले, पण तिसरी तार मात्र घरात अर्धवटच आली. ह्याचे एक कारण आपल्या भिंतीवरील छिद्रांत लपलेले आहे. घरगुती जोडणीत दिवे-पंखे एका बाजूला आणि 'पॉवर' दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी फार दिवस चालली. पंधरा अँपिअरच्या जाड छिद्रांना तिसरे छिद्र असे. पाच अँपिअरची लहान जागा पुष्कळ घरांत दोनच छिद्रांची राहिली. दोन छिद्रांच्या ह्या जागेवर मग एकामागून एक वस्तू येऊन बसू लागल्या. आधी रेडिओ आला, मग इस्त्री, टेबलावरचा पंखा, पाणी तापविण्याची कांडी, शीतकपाट आणि शेवटी कपडे धुण्याचे यंत्र. ज्या दोन तारा छतावरच्या दिव्यासाठी ओढल्या होत्या, त्या आता ओल्या हातांत असलेल्या लोखंडाला वीज पुरवू लागल्या. भर म्हणून साठ-सत्तरच्या दशकांत तांब्याच्या टंचाईमुळे घराघरांतून ॲल्युमिनिअमची तार आली. तिच्यावर गंज न दिसता एक अदृश्य पापुद्रा चढतो; स्क्रूखाली दाबली असता ती हळूहळू चपटी होऊन सैल पडते; पितळेशी तिचे दमट हवेत पटत नाही. सैल सांधा तापतो आणि उन्हाळ्या-पावसाळ्याच्या फेऱ्यांत अधिकच सैल होतो.

दुसरे कारण विजेच्या शास्त्रात शोधून सापडणार नाही. ते घरभाड्याच्या कायद्यात आहे. मुंबईत १९४७ च्या कायद्याने भाडे बहुतांशी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकले. पश्चिम बंगालमध्येही १९५६ चा भाडेकरूंचा कायदा आला. युद्धोत्तर महागाईत आणि निर्वासितांच्या लोंढ्यात ह्या कायद्यांनी लक्षावधी कुटुंबांच्या डोक्यावरचे छप्पर वाचविले, हे विसरता येत नाही. पण त्यामुळे भिंत मालकाची राहिली, मीटर भाडेकरूच्या नावाचे झाले, आणि दोहोंच्या मधली जिन्यातली तार कोणाचीच राहिली नाही. मिळणाऱ्या भाड्यात इमारतीची मुख्य तारजोडणी बदलणे मालकाला परवडत नसे. दुसऱ्याच्या भिंतीत पैसा घालणे भाडेकरूला पटत नसे. इमारती कोसळू लागल्या तेव्हा मुंबईत १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला आणि सुमारे १९,६०० इमारती त्याच्या कक्षेत आल्या. पण त्याची नजर साहजिकच तुळया, खांब आणि गच्च्या ह्यांकडे होती. तिसरी तार ही कोसळत नसल्यामुळे कोणाच्या यादीत आली नाही.

ह्या उणिवेचा हिशेब हवामान घेते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. जुन्या इमारतींचे मीटर तळमजल्यावर जिन्याखाली असतात. पाणी प्रथम तेथेच शिरते. सप्टेंबर २०२५ मध्ये कोलकात्यात एका रात्रीच्या पावसाने शहर बुडाले, तेव्हा बुडण्यापेक्षा पाण्यातील विजेनेच अधिक बळी घेतले. उलट टोकाला आपले विदर्भ आहे. तेथे पाऊस नव्हे, तर मे महिन्यातील पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा शत्रू असतो. खिडकीतला पत्र्याचा कूलर हे तेथील घराघराचे दैवत. पत्र्याची पेटी, आत पाणी, पाण्यात पंप, आणि भोवती पाणी भरताना सांडलेली ओल. अशा कूलरला स्पर्श होऊन माणसे गेल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. त्यातील वैचित्र्य असे, की तिसरी तार असली तरी ती त्याच दिवसांत सर्वांत दुबळी असते. अर्थिंगची नळी पुरलेली माती मे महिन्यात सुकून भेगाळते. नळीभोवतीचा अडथळा समजा दहा ओहम झाला, तर फेज पत्र्याला टेकूनही जेमतेम तेवीस अँपिअर वाहतील. पाचचा फ्यूज तेवढ्याने उडेल. पंधराचा उडणार नाही, आणि पत्रा तसाच जिवंत राहील. म्हणून जुने जाणते वायरमन नळीभोवती कोळसा आणि मीठ घालतात व उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी ओतावयास सांगतात, त्यात केवळ रूढी नाही.

शहरांत आणखी एक गोष्ट घडली, जिची फारशी वाच्यता झाली नाही. चाळीत आणि वाड्यात खड्डा खणावयास जागा नसल्यामुळे कित्येक ठिकाणी तिसरी तार नळाच्या लोखंडी पाइपाला गुंडाळलेली असे. पाइप जमिनीखालून दूरवर गेलेला, तेव्हा काम भागत होते. पुढे गंजलेले पाइप काढून प्लॅस्टिकचे घातले गेले. नळाला पाणी अधिक स्वच्छ येऊ लागले आणि त्याच दिवशी वरच्या खोल्यांतील अर्थिंग नाहीसे झाले. हिरवी तार दिसावयास जागच्या जागी राहिली. मात्र तिचे दुसरे टोक आता कोठेच पोहोचत नव्हते. एवढेच नव्हे, तर एका खोलीतील दोष अशा तुटलेल्या पाइपावरून शेजारच्या न्हाणीघरातील नळापर्यंत जाऊ शकतो.

सुदैवाने ह्या प्रश्नाला गेल्या शतकाच्या उत्तरार्धात चांगले उत्तर सापडले. जाणारा आणि परत येणारा प्रवाह सारखा असावयास हवा. त्यात तूट आली, तर तेवढा प्रवाह कोठेतरी जमिनीत, कदाचित माणसातून, जात असला पाहिजे. ही तूट हेरून वीज तोडणाऱ्या साधनावर ऑस्ट्रियात गोटफ्रीड बीगेलमायर आणि अमेरिकेत डॅलझील यांनी पन्नास व साठच्या दशकांत मोलाचे काम केले. बाजारात ते आर.सी.सी.बी. ह्या नावाने मिळते. घरासाठी ३० मिलिअँपिअरचे साधन घ्यावे. ते सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत वीज बंद करते. आपल्याकडे १९५६ च्या नियमांची जागा घेणाऱ्या २०१० च्या आणि त्यानंतर २०२३ च्या विनियमांत त्याची तरतूद आहे; पण अगदी लहान जोडण्या त्यातून वगळल्या आहेत, आणि जुन्या चाळीतील एका खोलीची जोडणी बहुधा लहानच असते. हे साधन तिसऱ्या तारेचा पर्याय नव्हे. तार असेल, तर दोष होताच ते वीज तोडते. तार नसेल, तर माणसाला एकदा धक्का बसल्यानंतर तोडते. दोन्ही तारा एकदम धरणाऱ्याला ते वाचवू शकत नाही. त्यावरील परीक्षेचे बटण वरचेवर दाबून पाहावे लागते, कारण दमट हवेत त्याचे सांधेही आखडतात.

तेव्हा जुन्या घरात काय करावे, आणि कोणत्या क्रमाने? सारे घर उकरून नव्या तारा घालणे उत्तम. पण ते होईतो थांबण्याचे कारण नाही. प्रथम परवानाधारक माणसाकडून तिसऱ्या तारेचे दुसरे टोक कोठे पोहोचते ते उपकरणाने मोजून घ्यावे. मग मीटरपाशी आर.सी.सी.बी. बसवावी; जुन्या ओल्या तारांमुळे ती वारंवार पडू लागली, तर तिला दोष देऊन काढून टाकू नये, कारण ती गळतीचा पत्ताच सांगत असते. तिसरे, फ्यूज वा ब्रेकर तारेच्या जाडीला शोभेल असा असावा. चौथे, पूर येणाऱ्या भागात मीटर आणि मुख्य बटण पुराच्या रेषेच्या वर न्यावे. ह्यानंतर रबराच्या तारा बदलाव्या. ज्यांना सागवानी पट्टीचा लोभ असेल त्यांनी ती खुशाल ठेवावी. फक्त तिच्या पोटात नवी तार असावी. जिन्यातली तार मात्र एकट्याने बदलत नाही. तिच्यासाठी मालक आणि सारे भाडेकरू यांनी एकत्र बसावयास हवे, आणि माझ्या मते पैशापेक्षा हीच गोष्ट अधिक अवघड आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०१९ ते २०२१ ह्या प्रत्येक वर्षी देशात विजेच्या धक्क्याने १२,००० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत शेतावरचे, कारखान्यातले आणि रस्त्यावरचे मृत्यूही आहेत. तथापि घरातला मृत्यू हा अधिक टाळण्याजोगा असतो, कारण तेथील तार कोणती व ती कोठे जाते, हे पाहणे आपल्याच हाती असते. पहिल्या दोन तारांची किंमत आपण दर महिन्याच्या बिलात मोजतो, कारण त्या रोज काही देतात. तिसरी तार वर्षानुवर्षे काहीच करीत नाही; तिच्यातून प्रवाह जात नाही, ती उजेड देत नाही, आणि ती तुटली तरी कोणाला कळत नाही. म्हणूनच पावसाळा सुरू होण्यापूर्वी वर्षातून एकदा तिची मुद्दाम चौकशी करणे, हे जुन्या घरात राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाचे कर्तव्य आहे.